उंबरा खाली का जातो?

मालवणसारख्या गावात घरं रस्त्याला अगदी लागून. जुन्या डांबरावर दर खेपेस नवा थर चढवला, की रस्ता उंच होतो नि उंबरा खाली जातो. मग मिरगाचं पाणी कुठं शिरणार, हे सांगायला नको!

उपाय आहे. आधी जुना थर यंत्राने खरवडावा. तो खरवडा फेकू मात्र नये. त्यातली खडी बहुधा शाबूत असते. डांबर तेवढे उन्हावाऱ्याने कडक झालेले असते. तपासणी करून, तो गरम नव्या खडीत नि मऊ डांबरात बेताने मिसळला, की पुन्हा रस्त्याला लागतो. तपासणी टाळली तर रस्ता तडकतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली याची रीत घालून दिली आहे.

तेव्हा गावात डांबरीकरण निघालं, की विचाराच : जुना थर काढणार ना?