डोळ्याच्या खोबणीचा तळ

आमच्या कामठीत छावणीची मोकळी मैदाने आहेत आणि जबलपूरचा हमरस्ताही येथूनच जातो. एकीकडे विटीदांडू व चेंडू, दुसरीकडे मोटारसायकली. डोळ्यावर आघात व्हावयास याहून अधिक काय हवे? मी वैद्य नव्हे, शाळामास्तर. तथापि या दुखापतीविषयी घरोघरी जो गैरसमज आढळतो, त्यासाठी आज चार शब्द बोलणार आहे.

डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून बनलेली असते. तिचा काठ दणकट. तळ मात्र अंड्याच्या कवचाची आठवण व्हावी इतका पातळ, सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि त्याखाली गालातील पोकळी. १९५७ साली स्मिथ व रीगन या अमेरिकन शल्यवैद्यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून हातोडीचा घाव घातला. काठ शाबूत राहिला, तळ फुटला! हा दुबळेपणा एका परीने नेत्रगोलाचे रक्षणच करतो. परंतु भगदाडातून डोळ्याभोवतीची चरबी व स्नायू खाली उतरतात, एका वस्तूच्या दोन दिसू लागतात, गाल बधिर होतो. डोळा खोल गेल्याचे सूज ओसरल्यावरच उमगते. अशा वेळी नाक जोराने शिंकरू नये. पोकळीतील हवा खोबणीत शिरते.

मुलांची गोष्ट निराळी, आणि खरे म्हणजे तिच्याकरिताच मी बोलत आहे. कोवळे हाड लवते, क्षणभर उघडते आणि झडपेसारखे मिटताना स्नायूला चिमटीत धरते. डोळा लाल होतोच असे नाही. मात्र मुलाला वर पाहवत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते. माझ्या एका विद्यार्थ्याला विटी लागली. डोळा स्वच्छ दिसला म्हणून घरच्यांनी अपचनाचे औषध दिले. शस्त्रक्रिया झाली ती आठवड्याने. वर पाहताना त्याला आजही दोन चंद्र दिसतात. अशा मुलाला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. चिमटीत सापडलेला स्नायू एकदोन दिवसांत सोडवावा लागतो.

प्रौढांत प्रत्येक भंगास शस्त्रक्रिया लागत नाही. भगदाड मोठे असेल, डोळा खोल गेला असेल वा दुहेरी दिसणे हटत नसेल, तर साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत ती करतात. खालच्या पापणीच्या आतून वाट काढून उतरलेला भाग वर उचलतात आणि खाली आधार ठेवतात. पूर्वी त्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घेत. त्यात दुसरी जखम होते, आणि ते हाड पुढे झिजतेही. सिलिकोनचे पत्रे आले, पण ते कधी कधी वर्षांनी जागचे सरकतात. आता टिटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा पत्रा वापरतात. लहान भंगास कालांतराने विरघळणारा पत्राही चालतो. मला सर्वांत नवल वाटले ते याचे: सी. टी. स्कॅनवरून धडक्या बाजूच्या खोबणीचे प्रतिबिंब घेऊन यंत्राने नमुना घडवितात, आणि त्यावर जाळी बेतून घेतात. शिंप्याने मापाचा सदरा बेतावा तसेच हे.

नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंत महाविद्यालयही आहे. जबड्याचे व चेहऱ्याचे शल्यवैद्य हे मूळचे दंतवैद्यच असतात. तेव्हा डोळ्याच्या दुखापतीसाठी तिकडे धाडले तर रागावू नये. दुहेरी दिसणे शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे राहू शकते. तोवर मोटारसायकल घरीच ठेवावी.