ठासणीची बंदूक, सरकीची लव आणि पिकाची राखण
(हिंगोली येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावावर बोलून झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आता विषय बंदुकीचा आहे. शब्द काढल्याबरोबर मागच्या रांगेतली पोरे हसली आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या साध्या कपड्यातल्या पाहुण्याने वही काढली. लिहू द्या त्यांना. आम्ही जे सांगणार ते सगळे कायद्याच्या पुस्तकातलेच आहे.

सेनगाव, औंढा, कळमनुरी या डोंगरपट्ट्यातला माणूस खरिपाची ज्वारी का सोडून बसला? भाव नाही हे पहिले कारण. दुसरे कारण रानडुक्कर. डुक्कर कणीस खाते थोडे आणि धाटे लोळवते फार. दहा-बारांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर आडवा करतो, म्हणजे कणीसही गेले आणि कडबाही गेला. रोह्याचे तंत्र वेगळे, तो तुरीचे आणि हरभऱ्याचे शेंडे खुडत जातो. यावर आपल्या माणसाने काय उपाय शोधला? धुऱ्यावर तार ओढली आणि तारेत करंट सोडला. त्या तारेला डुकरापेक्षा आधी सापडतो तो रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, नाहीतर स्वतः तार ओढणारा. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते, विधवेवर पोरांचा भार येतो आणि जो वाचला त्याच्यावर मनुष्यवधाचा गुन्हा येतो. काही ठिकाणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. तो गाईने खाल्ला तर तिचा जबडा उडतो. ही राखण नव्हे. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या आजोबाला जे साधन ठाऊक होते आणि कायद्याने जे आजही नाकारलेले नाही, त्याची नीट माहिती करून घ्या.

ते साधन म्हणजे ठासणीची बंदूक. कोणी भरमार म्हणते. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि गजाने ठासायचे. मागे बोंडीवर टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी पेटते आणि बार निघतो. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याच्याही आधी तोड्याची बंदूक होती, तिला जळती वात लावावी लागे. पावसात वात विझली की बंदूक म्हणजे काठी. जानेवारी १८१९ मध्ये हदगाव भागातल्या नाव्ह्याच्या गढीतून नौसाजी नाईकांनी निजाम-इंग्रजांच्या फौजेला झुंजवले, तेव्हा गढीच्या आत आणि बाहेरही बंदुका तोंडातूनच ठासायच्या होत्या. पुढे हिंगोलीतच निजामाच्या कंटिंजंटची छावणी होती. रिसाला बाजार आणि पलटण ही नावे तिथूनच राहिली. आज त्याच गावात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. म्हणजे तोड्यापासून स्वयंचलित रायफलीपर्यंत सगळ्या पिढ्या या गावाने पाहिल्या. पाहिली नाही ती फक्त शेतकऱ्याच्या हातातली परवान्याची बंदूक.

इथे तुमच्या-आमच्या पिकाचा संबंध येतो, तो जरा सविस्तर सांगतो. जुन्या काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असे. कोळसा कुठल्याही लाकडाचा चालत नाही, हलका आणि लवकर पेटणारा लागतो. हिंदुस्थानात त्यासाठी तुऱ्हाट्यांचा कोळसा चांगला मानत. आपण जी तुऱ्हाटी चुलीत घालतो तीच. काळी दारू धूर फार करते, बार काढला की पुढचे काही दिसत नाही. १८४६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर तेजाबाची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. तो आधी इतका भडक होता की कारखानेच उडाले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएय्याने त्याला आटोक्यात आणून बिनधुराची दारू केली, १८८७ मध्ये नोबेलने आपली वेगळी केली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक काडतुसात जी दारू आहे तिचे मूळ कापसासारख्या तंतूत आहे. त्यासाठी लांब धाग्याची रुई लागत नाही. जिनात रुई निघाल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते, जिला कारखान्यात लिंटर म्हणतात, ती चालते. पेरायच्या सरकीवरची जी लव आपण तेजाबाने जाळून टाकतो तीच ही लव. भावाच्या पट्टीवर तिचा उल्लेख कोणी पाहिला असेल तर हात वर करा.

पण घरी कोणी हा खेळ करू नये. भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत हेच काम शिकलेली माणसे सगळी साधने वापरून करतात, तरी २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथे ८ कामगार गेले. दारू आणि टोप्या परवान्यावर, परवानाधारक दुकानातूनच घ्यायच्या. झाडलेली काडतुसे पुन्हा भरायचा छंद परदेशात मोठा आहे, तिथे लोक तराजूवर गुंजेगुंजेने दारू तोलतात. आपल्याकडे तो नाद नको. आणि एक गोष्ट तर गाठच मारून ठेवा. ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली बिनधुराची दारू कधीही घालू नका. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार असते, नळी फुटते आणि डावा हात जातो.

आता कायदा. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला तो आपल्याला निःशस्त्र करण्यासाठी. १९०७ मध्ये ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, कारण ती गोळी लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीत बंडखोरांना वापरता येईल अशी भीती होती. विलायतेतल्या कारखानदारांनी काय केले, तर ४७० आणि ४६५ असे नवे बोअर काढले आणि साहेबांची शिकार चालू राहिली. त्या भीतीचा वारसा आजही आहे. थ्री-नॉट-थ्री हा बोअर साध्या नागरिकाला मना आहे, म्हणून आपल्या सरकारी कारखान्याची नागरी रायफल ३१५ बोअरची. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. स्वराज्य आल्यावर तो घटनेत आला नाही. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमात थोडीशी आठवण राहिली. कलम १३ वाचा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना अधिकाऱ्याने परवाना दिला पाहिजे, अशी तिथली भाषा आहे. ठासणीची पुरेशी नाही असे त्याचे समाधान झाले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. नाकारायची असेल तर कलम १४ मधली कारणे लागतात, ती लेखी नोंदवावी लागतात आणि सर्वसाधारणपणे मागितल्यावर कळवावी लागतात. आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. हे वाक्य कोरडवाहू शेतकऱ्याने तोंडपाठ करावे. कलम १८ खाली अपील आहे. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचा दाखला लागतो, त्याची तयारी आधी ठेवा.

रायफल मागू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. रायफलीच्या नळीत आटे असतात, गोळी फिरत जाते आणि मैलभर पुढे जीव घेते. आपल्या शिवारात दर दोन-चार एकरांवर आखाडा आणि माणूस आहे. छर्रा जवळच पडतो. रायफलीची हौस असेल तर ती निशाण्यावर भागवा. त्याच कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट टू-टू रायफलीची सोय आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक घेऊन आला. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. हिंगोलीच्या पोरांना तशी एक चांदमारी का नसावी, हे कोणी तरी विचारले पाहिजे.

काहींच्या वाड्यात आजोबाची बंदूक अजून भिंतीवर आहे. ती मुळीच चालण्याजोगी नसेल, दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर कलम ४५ प्रमाणे तिला कायदा लागू होत नाही. पण चालण्याजोगी असेल आणि परवानाधारक वारला असेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावे अर्ज करावा. मोडीत घालू नका. तोड्याच्या बंदुकी पुण्याच्या केळकर संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंगमध्ये काचेआड ठेवल्या आहेत. तुमच्या घरातलीही तेवढीच जुनी असू शकते.

चालती बंदूक असेल तर तिची निगा बैलासारखी. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत नळी गंजते. बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल द्या. गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवा. गज खुणेपर्यंत गेला नाही तर आत बार भरलेला आहे असे समजा. दुहेरी ठासणीने जितके हात गेले असतील तितके डुकराने नेले नसतील. टोपी वाजली आणि बार निघाला नाही तर नळी मोकळ्या रानाकडे धरून थांबा, तोंड घालून पाहू नका. आणि दारू पिऊन दारूला हात लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. कोरा बार काढून कळप हाकलणे वेगळे, मारणे वेगळे. आवाजालाही डुक्कर आठ-पंधरा दिवसांत सरावते, म्हणून जागा आणि वेळ बदलत राहा. मारायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ साली त्याचा शासन निर्णय काढला, अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. १ एप्रिल २०२३ पासून हे दोन्ही प्राणी अनुसूची दोनमध्ये आहेत. मेलेले जनावर सरकारचे, त्याची वाटणी करायची नाही. काळविटाकडे तर नळीसुद्धा वळवू नका, तो अनुसूची एकमध्ये आहे. केरळने २०२२ मध्ये ही परवानगी देण्याचे अधिकार गावच्या पंचायतीच्या अध्यक्षाला दिले. आपला सरपंच रात्री अकराला उठून शेतावर येऊ शकतो, वनखात्याचा माणूस चाळीस किलोमीटरवरून येत नाही. ही मागणी आपण ठरावात घातली आहे.

दुसरी मागणी निवडणुकीची. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. कापूस फुटलेला, तूर फुलावर, रब्बी ज्वारी नुकती उगवती, आणि नेमक्या त्या वेळी बंदुका ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते. खरे तर छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करायचा असतो. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचा परवाना पीक संरक्षणाचा आहे, त्याने तसा लेखी अर्ज समितीकडे द्यावा आणि पोच घ्यावी.

अर्ज एकेकट्याने करू नका. गावातून पाच-सात जणांचे अर्ज एकाच दिवशी द्या. सोबत सातबारा, नुकसानीचे पंचनामे आणि ग्रामसभेचा ठराव जोडा, आवक क्रमांक लिहून घ्या. नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. औंढ्याच्या आणि सेनगावच्या मंडळींनी जाण्याआधी आपली नावे तिथल्या वहीत लिहावीत, म्हणजे कुठल्या गावाचा अर्ज कुठे अडला हे पुढच्या बैठकीत एकत्र पाहता येईल.