मालक बदलतो तेव्हा



युनियनचा माणूस फुटबॉलवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण मुकुंदवाडीतही चेंडूचे वेडे आहेत, आणि मी त्यांतला जुना.

आपल्या शहराचा असा मोठा संघ नव्हता. म्हणून 2014 साली 'एफसी पुणे सिटी' निघाला, तेव्हा चिकलठाण्याच्या आम्हा काही कामगारांनी तो आपला मानला. बालेवाडीला सामना पाहायचा, रात्रभर प्रवास करून सकाळच्या पाळीला उभे राहायचे. मुंबईशी सामना असला की एक खाडा ठरलेला! मुंबईकराला हरवण्याच्या आनंदात मराठवाड्याचाही थोडा वाटा असतो, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

2017-18च्या हंगामात पुणे उपांत्य फेरीपर्यंत गेले. 2019 साली संघच बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादने 2022 साली चषक जिंकला. 2025 साली नवा मालक तीच जागा घेऊन दिल्लीला गेला. जागा एक, गावे तीन. मला आमचा एक कारखाना आठवला. त्याची यंत्रे रात्री ट्रेलरवर चढली, आणि सकाळी आम्ही फाटकाशी उभे. पण कामगाराला निदान नोटीस आणि भरपाई मागता येते. प्रेक्षकाने काय मागावे?

मालक वाईटच असतो, असे मी म्हणत नाही. संघ चालवणे हा तोट्याचा धंदा आहे. 2019च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या 'सिटी फुटबॉल ग्रूप'ने मुंबईचा 65 टक्के हिस्सा घेतला, आणि 2020-21 साली मुंबईने साखळीही जिंकली, चषकही. पण 2025च्या डिसेंबरात तो ग्रूपही गेला. महिंद्र युनायटेड तर राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. 2010 साली कंपनीने तोही बंद केला.

आता कोल्हापूर पाहा. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. तेथे संघ पेठेचा, तालमीचा. शाहू स्टेडियमवर एका पेठेचा माणूस दुसऱ्या पेठेच्या माणसाशी आठवडाभर बोलत नाही. बाहेरचे, परदेशचेही खेळाडू मानधनावर येतात. कधी दगडही चालतात, आणि ती गोष्ट लाजिरवाणीच आहे. पण कुणी धनिक उठून पाटाकडील तालीम उचलून दिल्लीला नेऊन दाखवो! जर्मनीत तर बहुतेक व्यावसायिक संघांत निम्म्याहून एक मत अधिक सभासदांच्याच हाती ठेवण्याचा नियम आहे. आमच्याकडे प्रेक्षकाला एक मत देऊ केले, तरी मी वर्गणी भरायला पहिला उभा राहीन.

माझ्या मुलाने पुण्याचा सदरा अजून ठेवला आहे. मुंबईचा सामना लागला की तो घालून बसतो, आणि समोर जो कोणी असेल त्याच्या बाजूने ओरडतो.