संगीताच्या प्रवेश-परीक्षेस काय गावे?
(मंडळाच्या बडनेरा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संगीताच्या उच्च शिक्षणासंबंधी मी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाच्या चालकांनी आज्ञा केली. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून त्यातील एकच भाग मी आपल्यापुढे ठेवणार आहे. आपल्या समाजातील मुलेमुली अलीकडे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊ लागली आहेत. कोणी मध्यमा झाली आहेत, कोणी विशारद. ह्यांपैकी एखाद्याला वा एखादीला पुढे विद्यापीठात संगीताची एम. ए. पदवी घ्यावी, अथवा एखाद्या गुरुकुलात राहून शिकावे असे वाटले, तर प्रवेशाच्या वेळी परीक्षकांसमोर गाऊन दाखवावे लागते. त्या वेळी काय गावे, आणि त्याची तयारी कशी करावी, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही परीक्षा आपल्या संगीतात तशी नवी आहे. पूर्वी गुरूच्या दारी जाऊन राहावे लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्येसाठी ग्वाल्हेर गाठले, आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून ती गायकी महाराष्ट्रात आणली. अशा ठिकाणी गुरू शिष्याला वर्षानुवर्षे पाहत असे. त्याचा आवाज, त्याची चिकाटी, त्याचा स्वभाव, सारे त्याला ठाऊक होई. बुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व संगीताला शाळेचे रूप दिले. इकडे पंडित भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या, आणि त्यांच्याच प्रयत्नाने 1926 साली लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. ह्या दोन महापुरुषांमुळे विद्येचे दार सर्वांना उघडले, हे त्यांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. परंतु दार सर्वांना उघडले म्हणजे दारात गर्दी होणारच. जे गुरूने पाच वर्षांत पाहावे, ते परीक्षकांना आता पंधरा-वीस मिनिटांत पाहावे लागते. म्हणूनच त्या पंधरा मिनिटांत आपण काय ठेवतो, ह्याला एवढे महत्त्व आले आहे.

माझे सांगणे एका वाक्यात असे: राग थोडे घ्यावेत, ते आपल्या गळ्याला पेलणारे असावेत, आणि जे घेतले ते मुळापासून यावेत.

विद्यार्थ्यांचा कल बहुधा ह्याच्या उलट असतो. कोणी गात नाही असा एखादा अप्रसिद्ध राग म्हटला की परीक्षक चकित होतील, असे त्यांना वाटते. पण परीक्षक चकित होण्यासाठी बसलेले नसतात. ह्याला दोन वर्षे शिकविले तर हा शिकेल काय, एवढेच ते पाहत असतात. स्वर जागच्या जागी लागतो की नाही, लय हातून सुटते की काय, रागाचे रूप समजले आहे की नुसत्या ताना पाठ आहेत, हे यमन, बिहाग, भीमपलासी किंवा बागेश्री यांसारख्या परिचित रागात लगेच उघडे पडते. परिचित राग निवडणारा विद्यार्थी आपली पाटी सर्वांना वाचता येईल अशी समोर धरतो. त्यात धोका आहे, पण परीक्षकांचा विश्वासही त्यानेच संपादन होतो.

आपल्या वऱ्हाडातील एक उदाहरण पाहा. वसंतराव देशपांडे यांचा जन्म 1920 साली मूर्तिजापूरचा. येथून अकोल्याकडे गाडीत बसले की वाटेत लागते तेच हे मूर्तिजापूर. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे तरुणपणी ते लाहोरास गेले असता तेथे असद अली खाँ यांनी त्यांना महिनोन्महिने मारवा हा एकच राग शिकविला, असे सांगतात. एका रागाचा असा ध्यास घेतला की बाकीच्या रागांकडे पाहण्याची दृष्टीही येते, हे त्यातले मर्म आहे. वसंतरावांचा मारवा पुढे रसिकांच्या किती आवडीचा झाला, हे आपणांस ठाऊकच आहे.

मात्र ह्याचा अर्थ प्रत्येकाने प्रवेश-परीक्षेत मारवा गावा असा नव्हे. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र, शिवाय षड्जावर फार थांबावयाचे नाही. ज्या षड्जाचा आधार घेऊन नवशिका गायक उभा असतो, तोच येथे जपून वापरावा लागतो. पक्क्या तालमीवाचून हा राग घेणे म्हणजे पोहणे येण्यापूर्वी पुराच्या पाण्यात उतरणे होय. राग मोठा की लहान हे न पाहता, तो आपल्याला किती झाला आहे, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट. परीक्षक पुष्कळदा जवळच्या रागांतील फरक विचारतात. मारवा, पूरिया आणि सोहनी ह्या तिघांचे स्वर तेच आहेत; पण पूरिया मंद्रात रमतो व गंधार-निषादावर उभा राहतो, सोहनी तारसप्तकाकडे झेपावते, आणि मारवा ऋषभ-धैवतावर तोलतो. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच. परंतु भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधाराच्या आधाराने गातात, आणि देशकार सकाळी धैवताच्या आधाराने. म्हणून जो राग आपण मुख्य म्हणून घ्याल, त्याचे शेजारी कोण आणि त्यांच्यापासून तो वेगळा कसा राहतो, हे गाऊन दाखविता आले पाहिजे. तोंडी उत्तर पुरत नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. माझ्या मते पुढीलप्रमाणे सामग्री असली म्हणजे पुरे. एक मुख्य राग, त्यात विलंबित आणि द्रुत ख्याल, पूर्ण विस्तारासह. दुसरे दोन राग असे की, जे तिन्ही मिळून सकाळ, दुपार व रात्र ह्या वेळांना लागू पडतील. उदाहरणार्थ भैरव किंवा तोडी, भीमपलासी अथवा वृंदावनी सारंग, आणि यमन किंवा बिहाग. परीक्षा बहुधा दिवसा असते. सकाळी अकरा वाजता बागेश्री गाणाऱ्यास कोणी उठवून लावीत नाही, पण वेळेचा राग तयार असला तर विद्यार्थ्याचे शिक्षण व्यवस्थित झाले आहे हे दिसते. ह्या तीन रागांतील एक तरी बंदीश त्रितालाखेरीज अन्य तालात, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालात किंवा सात मात्रांच्या रूपकात असावी. जोडीला एखादा तराणा असावा. शेवटी एक भजन किंवा नाट्यपद तयार ठेवावे, पण परीक्षकांनी विचारल्यावाचून ते काढू नये.

गाण्याची मांडणी करताना परीक्षक मध्येच थांबवतील हे गृहीत धरावे. पंधरा मिनिटे सांगितली असली तरी पाचव्या मिनिटालाही "पुरे" म्हणण्यात येते, आणि त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. म्हणून उत्तम ते शेवटी राखून ठेवू नये. पहिला षड्ज स्थिर लागावा, दोन मिनिटांच्या आलापात रागाचा चेहरा दिसावा, बंदिशीचा मुखडा नेमका समेवर यावा. विलंबिताची लय अतिशय संथ धरू नये. बारा मात्रांचे एकतालाचे आवर्तन एकेक मिनिट लांबविले की अनुभवी गायकालाच ते भरून काढता येते. नवशिका मध्येच रिकामा पडतो आणि मात्रा मोजू लागतो. त्याहून थोडी चढी लय घेतली तर बोल-आलाप आणि लहान ताना नीट बसतात. द्रुत ख्यालात ताना थोड्या असाव्यात, पण प्रत्येक तान स्वच्छ हवी. एक विस्कटलेली तान मागच्या दहा चांगल्या तानांना झाकून टाकते.

साथीचाही विचार अगोदर करावा. घरच्या तबलजीची सवय झालेला विद्यार्थी परक्या ठिकाणी गोंधळतो. तेथील तबलजीला ताल आणि लय शांतपणे सांगता आली पाहिजे, हाताने मात्रा दाखविता आली पाहिजे. आपली पट्टी काळी एक की पांढरी चार, हे विचारल्याबरोबर सांगता आले पाहिजे. तंबोरा रागानुसार लावावा लागतो. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पहिली तार मध्यमाला मिळवतात. मोबाईलमधील तंबोऱ्यावर रियाज करणारी मुले हे विसरतात, आणि मालकंस गाताना मागे पंचम वाजत राहतो. पेटीवर फार अवलंबूनही राहू नये. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी केली होती. ती बंदी योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. पण रोज निदान अर्धा तास केवळ तंबोऱ्यावर गाणाऱ्याचा स्वर स्वतःच्या पायावर उभा राहतो, एवढे खरे.

ह्या तयारीला आठ-दहा महिने द्यावेत. पहिले तीन महिने गुरूंशी बोलून निवड करावी आणि मुख्य राग पक्का करावा. पुढील तीन महिन्यांत बाकीचे दोन राग, ताल आणि शास्त्र. त्यानंतर घड्याळ लावून, ध्वनिमुद्रण करून, अनोळखी माणसांसमोर गावे. ज्या संस्थेत जावयाचे तिचे परिपत्रक नीट वाचावे. किती राग, किती वेळ, आणि आपली विशारद पदवी तेथे मानली जाते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. सगळीकडे नियम सारखे नसतात.

बडनेऱ्याच्या माणसाला एक सोय अशी की, एकाच फलाटावर उभे राहून त्याला दोन्ही दिशांना जाता येते. पश्चिमेस पुणे-मुंबईची विद्यापीठे आहेत. पूर्वेस नागपूर आहे. त्याच हावडा मार्गावर पुढे डोंगरगड किंवा राजनांदगाव येथे उतरून खैरागडास जाता येते. तेथे 1956 साली संस्थानिकांनी आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले. मार्गाच्या शेवटी कोलकाता, जेथे 1977 पासून संगीत रिसर्च अकादमी आहे. ती पदवीची शाळा नसून गुरूजवळ राहून शिकण्याची जागा आहे. परीक्षेस मात्र आदल्या दिवशी पोहोचावे. रात्रभर गाडीत जागलेला गळा सकाळी ऐनवेळी दगा देतो.

आता पालकांशी दोन शब्द. "ह्याने पोट भरेल काय?" हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून सांगणे बरे नव्हे. केवळ एम. ए. होऊन पोट भरत नाही. महाविद्यालयात अध्यापक व्हावयाचे तर पुढे नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते, आणि जागा थोड्या असतात. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गवयानेही पुण्यास लष्करी हिशेबखात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली. परंतु दुसरी बाजूही पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर यांनी वकील असलेल्या वडिलांपाशी घरीच गाण्याचा आरंभ केला, नागपूर विद्यापीठातून संगीताची एम. ए. पदवी घेतली, आणि पदवीवर न थांबता राम मराठे व गजाननबुवा जोशी यांच्याकडे तालीम घेतली. पुढे कोलकात्याच्या त्याच अकादमीत ते गुरू झाले, आणि 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक जण कशाळकर होणार नाही. पण पांढरकवड्याहून ती वाट निघते, तर बडनेऱ्याहून का निघू नये?

मुलींच्या बाबतीत मला अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे. मुलगी विशारद होईपर्यंत आपण कौतुक करतो, पाहण्याच्या कार्यक्रमात तिला एक पद म्हणावयास लावतो, आणि तिच्या गाण्याचे सार्थक झाले असे समजतो. सहा-सात वर्षांच्या मेहनतीचा तो शेवट असू नये. हिराबाई बडोदेकर यांनी गेल्या शतकात तिकिटे लावून जाहीर मैफली केल्या आणि स्त्रीच्या गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांना लोकनिंदेची भीती नव्हती असे नाही. पण त्या थांबल्या नाहीत. आज आपल्या मुलींना एवढा विरोध सोसावा लागत नाही. त्यांना हवे आहे ते दोन वर्षांचे स्वास्थ्य, रियाजाची खोली आणि परीक्षेला सोबत जाणारे माणूस.

म्हणून मंडळास माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या सभागृहातील एक खोली रोज सकाळी दोन तास रियाजासाठी मोकळी ठेवावी, व तेथे तंबोऱ्याची जोडी आणि तबला असावा. जो विद्यार्थी प्रवेश-परीक्षेस बसणार असेल, त्याच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या तबलजीचे मानधन आणि प्रवासखर्च शिक्षण-निधीतून द्यावा. आणि ह्या वार्षिक संमेलनात अशा विद्यार्थ्याला वीस मिनिटे गाण्यास द्यावीत. टाळ्यांसाठी नव्हे, परक्या परीक्षकांपुढे बसण्यापूर्वी त्याला आपल्या माणसांपुढे बसण्याचा सराव व्हावा म्हणून. ती वीस मिनिटे आपण बोलणे थांबवून, लहान मुलांना जवळ घेऊन शांतपणे ऐकली, तर तीही मोठी मदत होईल.

आपल्या वऱ्हाडात खंजिरी आणि पेटी नाही असे गाव विरळा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गाऊन खेडोपाडी माणसे जागी केली. तेव्हा गाणे आपल्या घरी परके नाही. त्याला विद्या मानून तिच्यासाठी पैसा, वेळ आणि धीर खर्च करणे, एवढेच आपण करावयाचे उरले आहे. पुढील संमेलनात ह्या व्यासपीठावरून कोणीतरी आपला तयार झालेला एकच राग वीस मिनिटे गावा, अशी माझी इच्छा आहे.