रोहिणीचे पंधरा दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कामाच्या धबडग्यात सापडलेल्या कुटुंबांनी ऋतुमानाप्रमाणे शरीराची व घराची निगा कशी राखावी' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा त्यांनी चुकीच्या माणसाची निवड केली असे मला वाटले. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, बांधकामाचा जाणकारही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविणारा मी एक साधा शिक्षक. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा." ते सांगावयाचे म्हणजे माझी एक मोठी चूक आपणां सर्वांसमक्ष कबूल करणे आले. दोन दिवस विचार केला आणि मग होकार दिला.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण दापोली-मंडणगडच्या बाजूस गेले, त्यांना 'आगोट' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात जाई आणि जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागे. मधल्या या पंधरवड्यात घरातील लहानथोर कोणी रिकामे बसलेले दिसत नसे. छपरावर चढून कौले चाळावयाची, फुटकी काढून नवी बसवावयाची. पडवीला झड लागू नये म्हणून झापांचा आडोसा बांधावयाचा. लाकूडफाटा कोरडा असतानाच आत घ्यावयाचा. गोधड्या, वाकळी, घोंगड्या उन्हात टाकावयाच्या. धान्याला ऊन दाखवून ते भरून ठेवावयाचे. गव्हाला एरंडेल चोळावयाचे. माझी आजी निरक्षर होती. पण मृगाच्या आदल्या दिवशी ती घराभोवती एक फेरी मारी आणि पागोळीचे पाणी कोठे पडणार, कोठून वाहणार, हे काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवी. त्या रेघेवर आम्ही मुलांनी चर खणावयाचा, असा दंडक होता.

पुढे शिक्षक झाल्यावर वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील ऋतुचर्येचा अध्याय मराठी अर्थासह वाचनात आला, तेव्हा आजीची आठवण होऊन नवल वाटले. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून जो काळ होतो, त्यास वाग्भट 'ऋतुसंधी' म्हणतो, आणि या काळात जुनी राहणी हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, असे सांगतो. म्हणजे चौदा दिवस झाले. रोहिणीही तितकीच! वर्षाऋतूविषयी तो सांगतो की, पायी हिंडू नये, वस्त्रांना धूप द्यावा, ओल व तुषार पोचणार नाहीत अशा वरच्या मजल्यावर राहावे, नदीचे पाणी पिऊ नये. आमच्याकडे तान्ह्या मुलांची दुपटी निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून वाळवीत, ती याच विचाराने. आता पायी हिंडू नये ही आज्ञा श्रीमंतांसाठीच असावी. माझ्या सूनबाईंना पहाटेची लोकल गाठण्यासाठी घोटाभर पाण्यातून स्टेशनपर्यंत चालावेच लागते. त्यांना वाग्भट काय सांगणार? तथापि पावसाळ्यात पाय जपावेत, ही त्यातली खूण खरी आहे. ती मला कळली; पण फार उशिरा कळली.

आता माझ्या चुकीकडे वळतो. सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही उभयता डोंबिवलीस चिरंजीवांकडे राहावयास आलो. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. सकाळी साडेसहाला घर सोडतात आणि रात्री आठ-साडेआठला परततात. घर, बाजारहाट आणि नातीची शाळा हे सर्व माझी पत्नी पाहत असे. मी काय करीत असे? वर्तमानपत्र वाचीत असे. सन २०१९ च्या पावसाळ्यात रोज मंडईत जाऊन-येऊन तिच्या उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडली, भिजल्यासारखी फुगली आणि चिरली. तिने रिवाजाप्रमाणे मेंदी लावली आणि कामाला लागली. तिला बारा वर्षांचा मधुमेह होता. मधुमेहाने पायांच्या नसा मंदावतात आणि जखम झाली तरी दुखत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कोणासच ठाऊक नव्हती. दुखत नाही म्हणून तिने सांगितले नाही, आणि सांगितले नाही म्हणून कोणी पाहिले नाही. एके रात्री नात आजीच्या पायाशी खेळत होती. ती म्हणाली, "आजोबा, आजीच्या पायाला वास येतोय." 

दुसऱ्या दिवशी इस्पितळ गाठले. सतरा दिवस तेथे राहावे लागले आणि ती दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते. ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "आठ-दहा दिवस आधी हा पाय कोणी पाहिला असता, तर साध्या औषधाने आणि कोरड्या फडक्याने भागले असते." बंधुभगिनींनो, अडतीस वर्षे मी दर सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गातील प्रत्येक मुलाची नखे, कान आणि दात तपासले. एका मुलाच्या कानात दाणा अडकला होता, तो मी शोधून काढला. आणि घरी, चार हातांवर बसणाऱ्या माणसाचा पाय मी पाहिला नाही! माझी पत्नी आज समोरच बसली आहे. हे सांगण्यास मी तिची अनुमती घेतली आहे. ती म्हणाली, "सांगा, पण व्यासपीठावर बोलावून पाय दाखवायला सांगू नका म्हणजे झाले."

त्या सतरा दिवसांत डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून जे शिकलो, ते आता आमच्या घरी रोजचे झाले आहे. पावसात बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने साबणाने पाय धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या मऊ सुती फडक्याने एकेक करून कोरड्या कराव्यात. पायपुसण्यावर पाय घासले म्हणजे ते होत नाही. टाचांना व तळव्यांना तेल लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये, कारण तेथे ओल धरून राहते. पादत्राणांचे दोन जोड आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे एक वाळतो. मधुमेह्याने घरातसुद्धा अनवाणी फिरू नये, नखे सरळ कापावीत, घट्टे ब्लेडने कोरू नयेत, आणि पायांवर ओतावयाचे पाणी ऊन किती आहे हे दुसऱ्याने हात घालून पाहावे. रात्री जेवणानंतर दोन्ही पाय दिव्याखाली धरून दुसऱ्या माणसाने पाहावेत. ज्यांना वाकता येत नाही आणि घरी दुसरे कोणी नाही, त्यांनी जमिनीवर आरसा ठेवावा. या सर्वास पाच मिनिटे लागतात. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे, आणि २०१९ नंतर ते मी एकाही रात्री चुकविलेले नाही.

तुंबलेल्या पाण्याविषयी एक इशारा येथेच देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस आपणांपैकी पुष्कळांनी स्वतः भोगला आहे. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत अनेक बळी घेतले. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या चिरेतून अथवा फार वेळ भिजून मऊ झालेल्या कातडीतून अंगात शिरतात. अशा पाण्यातून यावे लागले असेल आणि पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता दोन-तीन दिवसांच्या आतच डॉक्टरांना विचारावे. प्रतिबंधक औषध असते. पुढे ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर 'मी पाण्यातून चाललो होतो' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. 'पावसाळी ताप आहे, जाईल' असे म्हणून काढा पीत बसणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत.

आता घराकडे वळू. शहरात कौले नाहीत, म्हणून रोहिणीची कामे सरली असे आपण समजतो. ती सरलेली नाहीत. इमारतीच्या गच्चीवरील पाणी जाण्याची तोंडे पालापाचोळ्याने बुजलेली असतात. पहिल्या सरीला गच्चीचे तळे होते आणि वरच्या मजल्याच्या भिंतीला ओल येते. मग सोसायटीची सभा भरते आणि भर जुलैत गिलावा करावयाचे ठरते! ओल्या भिंतीवर केलेला लेप आतली ओल कोंडून ठेवतो आणि दिवाळीपर्यंत पोपडे धरतो. ते काम मेमध्ये, भिंत तापून कोरडी असतानाच व्हावयास हवे. मीटरजवळच्या पेटीत 'टेस्ट' असे लिहिलेले एक बारीक बटण बहुतेक नव्या घरांत असते. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. न गेली, तर वीज गळत असूनही ती तोडणारे कोणी नाही असे समजून वायरमनला बोलवावे. ओल्या भिंतींच्या दिवसांत हे विशेष महत्त्वाचे आहे.

डेंग्यूच्या डासाविषयी तर आपली एक जुनी समजूतच चुकीची आहे. हा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. फ्रिजच्या मागचे तबक, कुंडीखालची बशी, टाकीचे उघडे झाकण, गच्चीवरील टायर ही त्याची घरे. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत. मात्र नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. कडा घासून काढाव्या लागतात. आमच्याकडे हा दिवस रविवारचा, आणि घासणी हातात घेण्याचा मान चिरंजीवांचा.

गावच्या घरांचे दुःख वेगळे आहे. आपल्या कितीतरी कुटुंबांची घरे कुलूपबंद आहेत. ती शिमग्याला आणि गणपतीला उघडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडपर्यंत त्याने छपरे उडविली. मृगाला अवघे चार दिवस उरले होते, आणि टाळेबंदीमुळे गावी जाता येत नव्हते. आमच्या घराच्या मागील पडवीवरील पन्नास-साठच कौले गेली होती. पण चार महिने पाऊस त्या भोकातून आत पडला. ऑक्टोबरात गेलो तो वासे कुजलेले, वाळवी लागलेली आणि मातीची एक भिंत बसलेली. पन्नास कौलांचा खर्च तो किती आणि भिंतीचा किती! तेव्हापासून शेजारच्या एका होतकरू मुलास दर मेमध्ये ठरलेली रक्कम पाठवितो. तो छपरावर चढून कौले पाहतो आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाठवितो. भावाभावांत घराची वाटणी झालेली नाही म्हणून छपराकडे कोणीच पाहत नाही, अशीही घरे मला ठाऊक आहेत. छप्पर वाटणीची वाट पाहत नाही, एवढेच त्या बंधूंना सांगतो.

हिवाळा आणि उन्हाळा यांविषयी फार बोलत नाही. पावसाळ्याइतकी तयारी त्यांना लागत नाही. दिवाळीचे अभ्यंग चार दिवसांपुरते न ठेवता थंडीभर दर रविवारी चालू ठेवावे, आणि उन्हात हिंडणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, इतके पुरे.

"हे सर्व करावयास वेळ कोठे आहे?" हा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. माझ्या सूनबाईंनीही तो विचारला होता, आणि तो रास्त होता. कारण आम्ही पुरुष कामे सांगणार आणि ती त्यांच्या अंगावर पडणार, हा त्यांचा अनुभव. म्हणून आम्ही असे ठरविले की, रोहिणीच्या चौदा दिवसांस चौदा कामे, प्रत्येक काम अर्ध्या तासाचे, आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव. अंथरुणे उन्हात टाकणे, कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, छत्र्यांच्या काड्या पाहणे, टाकी धुऊन घेणे, औषधांची पेटी तपासणे अशी ती कामे आहेत. चौदांपैकी सात कामांपुढे माझे नाव आहे. सेवानिवृत्त पुरुष हा प्रत्येक घरातील वेळेचा सर्वांत मोठा साठा आहे. मंडळाच्या सभागृहात दुपारी पत्त्यांचा डाव रंगतो, त्यात मीही असतो. तेव्हा हे बोल कोणास लागले, तर त्यांत माझाही वाटा आहे असे समजावे.

एक दुरुस्ती मात्र करावी लागली. सन २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. रोहिणी नुकती लागली होती, आमची बारा कामे व्हावयाची होती, आणि गोधड्या गच्चीवर भिजल्या. तेव्हापासून आमची रोहिणी दहा मेला लागते. पंचांगकर्त्यांनी क्षमा करावी.

चौदा कामांचे ते टिपण मी वीस प्रती लिहून आणले आहे. हस्ताक्षर अजून वाचण्याजोगे आहे असे नात म्हणते. ज्यांना हवे असेल त्यांनी भोजनानंतर मजकडून न्यावे, आणि आपल्या घराप्रमाणे त्यात फेरफार करावा. नावांचा रकाना कोरा ठेवला आहे. पाने वाढल्याची वर्दी आली आहे, तेव्हा आपली रजा घेतो.