विजयदुर्गचे बंदर



आपण नागपूरकर; समुद्र आपल्याला लांबचा. म्हणून देवगड तालुक्यातील विजयदुर्ग या लहानशा गावाविषयी चार शब्द बोलते. वाघोटण खाडीच्या मुखाशी किल्ल्याचा आडोसा असल्याने वादळात गलबतांना आत आसरा मिळे. खाडीत थोडे वर खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आहे. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या माऱ्यात येथेच जळाले. पुढे मुंबईच्या आगबोटी लागत, त्याही थांबल्या. २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा ठरला.

भगिनींनो, बंदर निसर्ग देतो, पण ते नांदते माणसांमुळे. पुरुषमंडळी पोटासाठी मुंबईस गेली, की मागे घर बायाच राखतात. तेव्हा किल्ला पाहून लगेच परतू नका. एक रात्र गावात राहा, त्यांच्या हातचे जेवा, आणि मोबदला त्यांच्याच हाती द्या.