तेरची वीट

तेर म्हटलं की आपल्याला आधी आठवतात कुंभार संत गोरोबाकाका. आज मात्र मी तुम्हाला गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळाकडे नेणार आहे.

आत शिरण्याआधी देवळाला एक वळसा घालू. मागची भिंत चौकोनी नाही, अर्धगोल आहे. वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं; म्हणूनच या घडणीला गजपृष्ठ म्हणतात. कार्ल्याचं लेणं पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल, ही तर चैत्यगृहाची घडण! कार्ल्याला ती कातळात कोरली, इथे विटांनी रचली. म्हणून मूळचं हे बौद्ध चैत्यगृह असावं आणि त्रिविक्रमरूपी विष्णू इथे मागाहून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं. समोरचा सपाट छपराचा मंडपही नंतरचाच. विटांत उभी राहिलेली अशी वास्तू आज देशात फार थोड्या ठिकाणी दिसते. आंध्रातल्या चेझर्ल्याला एक आहे.

आणि ती वीट कशी? मातीत भाताचा तूस मिसळून भाजलेली. भट्टीत तूस जळून जातो, विटेच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. अशी वीट पाण्यात टाका, तरंगते! आपल्या मराठवाड्यात काळ्या दगडाला तोटा नाही, तरी इथल्या कारागिरांनी विटेवर भरवसा ठेवला. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा आता रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. ती जवळून पाहाच.

एवढं वैभव आलं कुठून? हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितलंय. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे.

आता तेरणेच्या काठी येऊ. गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं ठेवून वर पाहिलंत, तर शेजारीच कालेश्वराचं देऊळ दिसेल. जन्मभर चिखल तुडवलेल्या कुंभाराच्या शेजारी, तेही भाजलेल्या मातीचंच.